मुलामा आणि नेम

‘मुलामा’ हा शब्द चांगल्या अर्थाने वापरलेला मी तरी अजून ऐकलेला नाही. वरवरचा मुलामा, सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ, गोड बोलण्याचा मुलामा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे माझं मराठी आजीकडून आणि अलिबागच्या एसटी स्टँडवरून आलेलं. पण एवढं मलाही कळतं, की मुलामा म्हटलं की आत काहीतरी हलकं असणार आणि ते लपवलेलं असणार! मित्रमैत्रिणींनो, या लेखात मी मुलाम्याची वकिली करणार आहे. वस्तू जरा विचित्र आहे : पिस्तुलाची गोळी. तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळीचा नेम नीट लागतो का, आणि लागत नसेल तर दोष नेमका कुणाचा, एवढाच प्रश्न आहे. प्रॉडक्शनवाल्यांना यात फिट्स अँड टॉलरन्सेस सापडेल, केमिकलवाल्यांना फॅरेडे सापडेल. बाकीच्यांनी मोदकापर्यंत तरी वाचावं. मोदक येणार आहेत.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण आपण सगळे काडतुसालाच गोळी म्हणतो. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू (हॉस्टेलवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये), आणि पुढच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो. पितळेची पुंगळी मात्र जवळजवळ धडधाकट उरते, आणि काडतुसातला सगळ्यात महाग भाग बहुधा तीच असते. मग तिला पुन्हा मापात दाबायचं, नवा प्रायमर, मोजून दारू, नवी गोळी. याला रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा घरच्या गॅरेजमध्ये करायचा छंद आहे. स्पर्धेसाठी वर्षाला हजारो बार काढणाऱ्यांना त्याशिवाय परवडत नाही.

आपल्याकडे हे घरी करायचं नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा सरळसरळ गुन्हा आहे. आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्याला तर याबाबतीत कुणी काही शिकवायला नको. १९९३ मध्ये शेखाडीला उतरलेला माल मुंबईत काय करून गेला ते आपल्या आईवडिलांना आठवतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ असलेली बेवारस बोट सापडली तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर नाकाबंदी होती. आपल्या राज्यात काडतुसं बनतात ती खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला, सरकारी देखरेखीखाली. तेव्हा हा लेख इंजिनिअरिंग म्हणून वाचावा, कृती म्हणून नाही.

नेमाचा प्रश्न समजायला मुरूडला जायला हवं. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर गेलात की कलाल बांगडी तोफेसमोर सगळे फोटो काढतात. त्याऐवजी एखाद्या जुन्या तोफेच्या तोंडातून आत बघा. नळी आतून गुळगुळीत आहे. अशा तोफेत गोळा तोंडाकडून सरकवायचा, त्यामुळे तो नळीपेक्षा लहानच हवा. इंग्रजांच्या अठराव्या शतकातल्या हिशोबात नळी आणि गोळा यांचं प्रमाण साधारण २१ : २० होतं. म्हणजे नळी १०५ मि.मी. तर गोळा १०० मि.मी. पाच मिलिमीटर मोकळीक! आपल्या वर्कशॉपमध्ये एवढ्या क्लिअरन्सचा जॉब दिला तर सर जर्नल फेकून देतील. बार उडाला की गोळा नळीत कॅरमच्या सोंगटीसारखा इकडून तिकडे आपटत जायचा, आणि तोंडाशी शेवटचा टोला ज्या बाजूला बसेल तशी त्याला गिरकी मिळायची. गिरकी घेणारा गोळा हवेत वळतो, लेगस्पिनरचा चेंडू हवेतच सरकतो तसा. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये हे मांडलं होतं. गोलंदाजाचा खराब चेंडू म्हणावा तर इथे गोलंदाजालाही माहीत नाही की आपण लेगस्पिन टाकला की ऑफस्पिन.

यावर उपाय म्हणजे नळीत पिळदार आटे पाडायचे, म्हणजे गिरकी ठरलेली मिळेल आणि गोळी भोवऱ्यासारखी स्थिर जाईल. पण आट्यांनी गोळीला धरायला गोळी घट्ट हवी, आणि तोंडाकडून भरायला ती सैल हवी. हा तिढा ज्या बंदुकीत सोडवला ती एन्फिल्ड, आणि ती आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटलेली आहे. तिची गोळी मऊ शिशाची, नळीपेक्षा लहान, आणि तिच्याभोवती वंगण लावलेला कागद. भरताना सैल, बार उडाल्यावर मऊ शिसं फुगून आट्यांत बसायचं. कागद आणि चरबी कशासाठी, तर शिसं आणि दारूची राख नळीला चिकटून पुढचा नेम बिघडू नये म्हणून. १८५७ ची काडतुसं! चरबी कुठल्या प्राण्याची यावर आपण धडा पाठ केला, पण ती तिथे होतीच कशाला हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. शिशाला काहीतरी अंगरखा लागतो, एवढं त्या कागदातून घ्यायचं.

पुढे दारू जोरदार झाली, वेग वाढला, आणि कागदाचा अंगरखा पुरेना. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशाच्या गोळीला तांब्याचं कवच घातलं. कवच म्हणजे जॅकेट. हे आजही असंच बनतं : तांब्यात थोडं जस्त मिसळलेल्या पत्र्याची चकती कापायची, तिची वाटी करायची, वाटी ओढत ओढत लांब करायची, आत शिसं दाबायचं आणि कडा वळवायच्या. प्रेस टूल्सचा डीप ड्रॉइंगचा चॅप्टर, शब्दशः. कवच साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि कठीण असतं.

मुलाम्याची गोळी वेगळ्या वाटेने येते. मऊ शिशाचे तुकडे थोड्या कमी मापात दाबून घ्यायचे, ते फिरत्या पिंपात घालून तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे आणि वीज सोडायची. तांबं अणू-अणूने शिशावर चढतं. (आजीच्या भांड्यांची कल्हई आठवली ना? फरक असा, की कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, वितळलेलं कथील चिंधीने फिरवतो. इथे सगळं काम विजेचं.) किती वेळ लागतो? फॅरेडेचा नियम लावा. प्रति चौरस डेसिमीटर १ अँपिअर दिला तर तासाला साधारण १३ मायक्रॉन तांबं चढतं. ३ अँपिअर दिले तर ४० मायक्रॉन. म्हणजे ०.१ मि.मी. थराला किमान अडीच तास, आणि पिंपात सगळ्या गोळ्या एकाच वेळी विजेसमोर येत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. साधा मुलामा असतो साधारण एवढाच, ०.१ मि.मी. जाड मुलाम्याच्या गोळ्या मिळतात त्या ०.२ च्या आसपास. जाडी म्हणजे वेळ, वेळ म्हणजे विजेचं बिल, म्हणून स्वस्त गोळीचा मुलामा पातळ. शिवाय कडांवर वीज जास्त गोळा होते, तिथे थर जाड बसतो. म्हणून शेवटी प्रत्येक गोळी पुन्हा डायमधून काढून मापात आणावी लागते.

आता खरी गंमत. ९ मि.मी. पिस्तुलाच्या नळीची युरोपातल्या सी.आय.पी. या संस्थेने ठरवलेली मापं अशी : आट्यांच्या खाचांत व्यास ९.०२ मि.मी., उंचवट्यांवर व्यास ८.८२ मि.मी. फरकाचं अर्धं करा. उंचवटा गोळीत ०.१० मि.मी. रुततो. आणि मुलाम्याची जाडी किती? तीही ०.१०! म्हणजे उंचवटा जेवढा खोल जातो तेवढंच तांबं तिथे आहे. कवचाच्या गोळीला याची पर्वा नाही, तिच्याकडे चौपट-पाचपट माल आहे. मुलाम्याची गोळी मात्र अक्षरशः काठावर पास होणारी आहे.

मग मुलामा प्रत्येक वेळी फाटत का नाही? इथे मोदक. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना पारी पातळच असते, पण बोटाच्या पेराने दाबलं तर ती फाटत नाही. आतलं सारण सरकतं आणि पारी त्याच्याबरोबर आत वळते. तेच नखाने दाबा, पारी तुटली आणि गूळ बाहेर. नळीतला उंचवटा हे बोटाचं पेर आहे. तो हळूहळू उतार घेऊन सुरू होतो, खालचं शिसं मऊ म्हणून सरकतं, आणि तांब्याची पारी न तुटता आत वळते. म्हणजे मुलाम्याच्या गोळीला वाचवतं ते तिचं आतलं मऊपण. आत लपवलेली हलकी वस्तूच इथे कामाला येते! वेग फार वाढवला तर मात्र पेराचं नख होतं. म्हणूनच बहुतेक कारखानदार साध्या मुलाम्याच्या गोळीला सेकंदाला ३६५ ते ३८० मीटरच्या वर नेऊ नका असं सांगतात.

मला या विषयाकडे ओढलं ते माझ्या मावसभावाने. दादा टेक्सासमध्ये असतो, तिथे त्याचं रीतसर रीलोडिंग चालतं, आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर रेंजवर पिस्तूल चालवायला शिकते आहे. रेंज बंदिस्त आहे, छताखाली. दादा आधी उघड्या शिशाच्या गोळ्या वापरायचा. त्यांचा नेम छान. पण उघडं शिसं नळीत घासलं जातं, त्याच्या बुडाला जळती दारू लागते, आणि त्याचा अंश हवेत येतो. लहान मुलांच्या रक्तात शिसं किती चालतं याला डॉक्टरांकडे ‘एवढं सुरक्षित’ असा आकडाच नाही. म्हणून त्याने मुलाम्याच्या गोळ्या आणल्या. मुलाम्यात बूडसुद्धा झाकलेलं असतं, जे नेहमीच्या कवचाच्या गोळीत बहुधा उघडं राहतं. आणि नेम गेला. २५ मीटरवर आधी बशीत मावणारे बार आता जेवणाच्या ताटाएवढे पसरायला लागले. त्याच्या क्लबातल्या लोकांचं म्हणणं, मुलामा म्हणजे असंच, स्वस्तातला माल. परत शिशावर जा. त्याने मला विचारलं, “तू प्रॉडक्शनची ना गं? नेम पाहिजे तर पोरीला शिसं खायला घालू का?” गंमतीने म्हणाला, पण गंमत नव्हती ती.

मी त्याला एकच काम सांगितलं. भरलेलं, न उडवलेलं काडतूस घे, त्यातून गोळी परत काढ (त्यासाठी हातोडीसारखं एक साधन मिळतं), आणि मायक्रोमीटरने मोज. डब्यातली कोरी गोळी भरली ९.०४ मि.मी. काडतुसातून काढलेली ८.९९, आणि तिच्या अंगावर चौफेर एक चकचकीत रेघ, जिथे तांबं जवळजवळ कापलं गेलं होतं. फोटोत ती रेघ बघितल्यावर मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

झालं होतं असं. गोळी बसवायच्या आधी पुंगळीचं तोंड जरासं फुलवतात आणि नंतर परत आत दाबतात. या दाबण्याला क्रिंप म्हणतात. कवचाच्या गोळीवर जरा जास्त दाबलं तरी चालून जातं, आणि दादाचं यंत्र तसंच लावलेलं होतं. मुलाम्यावर तो दाब म्हणजे नख. पण रेघेपेक्षाही वाईट गोष्ट माप आहे, आणि ती मटेरियल सायन्सची आहे. दाब काढला की पितळ थोडं मागे येतं, त्याला स्प्रिंगबॅक असतो. शिसं मागे येत नाही, दाबलं तिथेच राहतं. म्हणजे जास्त दाबलं तर गोळी पुंगळीत अधिक घट्ट बसेल असं वाटतं, आणि होतं उलटंच : पितळ परत फुलतं, शिसं आक्रसलेलं राहतं, गोळी सैल होते. ८.९९ ची गोळी ९.०२ च्या खाचांत म्हणजे पुन्हा जंजिऱ्याची तोफ. मोकळीक लहान, पण गोष्ट तीच : वायू बाजूने निसटतो, आटे धड पकडत नाहीत, आणि रेघेवर कापलेला मुलामा नळीत सोलला जातो.

सोललेला एक छोटा कपचा एवढा का नडतो याचा हिशोब मी मेसच्या बिलामागे केला, तो इथे देते. नळीचा पीळ २५० मि.मी. ला एक फेरा, वेग सेकंदाला ३५० मीटर धरला तर गोळी सेकंदाला १४०० फेरे घेते. मिनिटाला ८४,०००. आपल्या लेथचा विचारही करू नका. आता गोळीचा गुरुत्वमध्य आसापासून फक्त ०.०२ मि.मी. सरकलेला आहे असं धरा. नळीत असताना तो सक्तीने आसाभोवती फिरतो, आणि नळीतून सुटला की त्या क्षणीच्या स्पर्शरेषेने आडवा निघतो, गोफणीतल्या दगडासारखा. आडवा वेग = २π × १४०० × ०.००००२ = सेकंदाला ०.१८ मीटर. २५ मीटरला पोचायला साधारण ०.०७ सेकंद. म्हणजे १३ मि.मी. बाजूला. कुठल्या बाजूला, ते प्रत्येक बाराला वेगळं. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २५. त्यातली अर्धी जागा शंभराव्या भागाच्या दोन मिलिमीटरांनी खाल्ली. उरलेल्या अर्ध्यात हात, श्वास, डोळा, सगळ्यांनी मावायचं.

म्हणून ‘मुलाम्याचा नेम नसतो’ हे मला पटत नाही. मुलाम्याची गोळी दिसते कवचासारखी आणि वागते शिशासारखी, आणि लोक दिसण्यावर जातात. तिला शिशाच्या मापाने वागवायला हवं : पुंगळीचं तोंड पुरेसं फुलवायचं, गोळी सरळ बसवायची, आणि फुलवलेलं तोंड फक्त सरळ होईल एवढंच दाबायचं.

तरी एक कबूल करायला हवं, नाहीतर व्हायवात अडकेन. निव्वळ नेमाच्या शर्यतीत मुलामा उघड्या शिशाच्या पुढे जातो असं नाही. जागतिक पिस्तूल स्पर्धांचा नियमच आहे की गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी, कवचाची चालत नाही. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलात सुवर्ण घेतलं ते याच खेळात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ ला पालेम्बांगमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचं पिस्तूल .२२ चं, गोळी शिशाची. आपल्या एनसीसीच्या कॅडेट्स कॅम्पात .२२ रायफल चालवतात तेव्हाही शिसंच. मुलाम्याचं काम नेम वाढवणं हे नाही. नळी आणि हवा स्वच्छ ठेवायची, कवचापेक्षा स्वस्तात, आणि हे करताना नेम बिघडू द्यायचा नाही, एवढं त्याच्याकडून मागावं.

दादाने क्रिंप कमी केला. काढलेली गोळी आता ९.०३ भरते, अंगावर रेघ नाही, नुसती पुसट खूण. त्याने लगेच पाच बार काढून फोटो पाठवला, “बघ, जमलं!” मी त्याला म्हटलं, पाच बारांवर जाऊ नकोस. त्याच काडतुसांचे, त्याच हाताचे पाच-पाच बारांचे दोन गट काढले तरी एक दुसऱ्याच्या दीडपट निघू शकतो, काहीही कारण नसताना. लोक एका नशीबवान गटाचा कागद भिंतीवर लावतात आणि पुढे वर्षभर गोळ्यांना शिव्या देतात. स्टॅटिस्टिक्सचा पेपर देऊन आलेल्यांना हे सांगायला नकोच. मग त्याने दोन रविवार घालवून दहा-दहा बारांचे सहा गट काढले. सहाही बशीत मावले. शिशाच्या जुन्या कागदांपेक्षा किंचित मोठे, पण बशीतच.

मुलगी आता मुलाम्याच्याच गोळ्या वापरते. बहुतेक प्रायमरमध्येही शिशाचा क्षार असतो आणि तो मुलाम्याने अडत नाही, म्हणून रेंजवरचा हवा ओढणारा पंखा चालू आहे की नाही ते दादा आधी बघतो, आणि घरी आल्यावर तिला हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय जेवायला बसू देत नाही.